रत्नागिरीचा बंदिवान

मराठ्यांच्या इतिहासात असा एक बंदिवान होऊन गेला की त्याच्या पकडल्याची, सुटल्याची आणि मारल्याची नोंद आहे, पण तो मुळात कोण होता याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे त्याच्या हयातीतच दिली गेली आणि त्यापलीकडे जाऊन तिसरे उत्तर शोधण्याची गरज कोणालाच भासली नाही. त्याच्या पाठीराख्यांच्या लेखी तो पानिपतच्या लढाईतून जिवंत परतलेला मराठ्यांचा सेनापती सदाशिवराव भाऊ होता, पुणे दरबाराच्या लेखी तो बुंदेलखंडाकडचा सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण होता आणि इंग्रजी लिखाणांत तो ‘सदोबा’ या नावाने वावरतो. मराठी वाचक त्याला ‘तोतया’ म्हणून ओळखतो. दुसऱ्याचे नाव, रूप आणि हक्क आपलेच म्हणून मिरवणारा तो तोतया, असा या शब्दाचा अर्थ असल्यामुळे त्याला तसे संबोधताच निवाडा होऊन जातो आणि मागे उरलेला प्रश्न झाकला जातो. हा माणूस सुमारे दशकभर पेशव्यांच्या कैदेत राहिला, १७७६ साली रत्नागिरीहून सुटून त्याने काही महिने कोकण आपल्या हाती ठेवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहांत शासन झाले. तो भाऊसाहेब नव्हता, हे मान्य करण्यास पुरेसा आधार आहे; परंतु एखादा माणूस अमुक नव्हता हे सिद्ध होणे आणि तो कोण होता हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या कैद्याच्या बाबतीत पहिलीच्या बळावर दुसरीही निकालात काढली गेली.

हे प्रकरण समजण्यासाठी १४ जानेवारी १७६१ च्या दुपारकडे वळावे लागते. पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर सदाशिवराव भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि ऐन गर्दीत घुसले, इथपर्यंत बहुतेक वृत्तांतांचे एकमत आहे. त्यानंतर त्यांना आपल्या माणसांपैकी कोणी पडताना पाहिले, असे ठामपणे सांगणारा साक्षीदार परत आला नाही. पुढे पुणे दरबाराचा सूत्रधार झालेला नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचा असून त्या रणात हजर होता. त्याने लिहून ठेवलेल्या त्रोटक आत्मवृत्तातही भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाल्याचेच सांगितले आहे. विश्वासरावांचा देह सापडला, ओळखला गेला आणि शत्रूच्या छावणीतही अनेकांनी पाहिला, त्यामुळे त्यांच्या मृत्यूविषयी शंका उरली नाही. भाऊंच्या बाबतीत मात्र एक शीर नसलेले धड हाती आले.

त्या धडाची ओळख कशी पटवली गेली, हे शत्रूपक्षातील अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. काशीराज हा दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत प्रत्यक्ष वावरलेला माणूस होता आणि त्याचा फारसी वृत्तांत लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी सिद्ध झाला. मांडीवरचा काळा डाग, पाठीवरच्या जखमेचा व्रण आणि तळपायावरील शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा अशा खुणा त्याने नोंदल्या आहेत. यांपैकी पाठीवरचा व्रण विशेष मोलाचा ठरतो, कारण १७५९ साली पुण्यात मुझफ्फरखान गारद्याच्या कटातून भाऊंवर पाठीमागून शस्त्राचा वार झाला होता आणि ही घटना सर्वश्रुत होती. शीर एका शिपायाने लपवून नेले होते, ते मागाहून सापडले आणि मग अंत्यसंस्कार झाले, असेही काशीराज सांगतो. आजच्या कसोटीने पाहता हा पुरावा चांगल्या दर्जाचा आहे, कारण त्यात सर्वसाधारण साम्याऐवजी नेमक्या खुणा असून त्यांतील एक तरी स्वतंत्रपणे ताडून पाहता येण्याजोगी आहे. परंतु ही सारी ओळख शत्रूच्या छावणीत झाली आणि तिचा तपशीलवार वृत्तांत फार उशिरा लिहिला गेला. दरम्यान पुण्याकडे येत होत्या त्या अफवा होत्या: भाऊ सुरजमल जाटाच्या मुलखात आहेत, जखमी आहेत, वेषांतर करून फिरत आहेत. रणातून निसटलेल्या अनेक मराठ्यांना जाटांनी खरोखरच आसरा दिला होता, त्यामुळे या अफवा मुळीच अशक्य वाटत नव्हत्या. हरियाणातील रोहतकजवळच्या सांघी गावात भाऊ नाथपंथी साधू होऊन राहिले, अशी श्रद्धा आजही आहे.

या साऱ्याच्या मध्यभागी पार्वतीबाई होत्या. भाऊंच्या या पत्नी स्वतः पानिपतापर्यंत गेल्या होत्या आणि पराभवानंतरच्या धुमाळीतून कशाबशा दक्षिणेत परत आल्या. पती गेल्याचे त्यांनी मानले नाही; त्यांनी कुंकू पुसले नाही आणि अखेरपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. धर्मशास्त्रात बेपत्ता माणसासाठी वाट पाहण्याची मुदत घातलेली आहे. साधारणतः बारा वर्षे काहीच वार्ता न आल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे, असा विधी निबंधग्रंथांत सांगितला आहे. आपल्याकडील अलीकडच्या पुराव्याच्या कायद्यानेही सात वर्षे ज्याच्याविषयी कळावयास हवे त्यांना काही कळले नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकला आहे. अशा मुदती कुटुंबाला आणि व्यवहाराला अनिश्चिततेतून सोडवण्यासाठी असतात. शनिवारवाड्यात मात्र ही अनिश्चितता एका मानी स्त्रीच्या कपाळावर उघडपणे नांदत होती आणि ती खोटी ठरवणे म्हणजे पेशव्यांच्या घरातील वडीलधाऱ्या बाईला वैधव्य घ्यायला लावणे होते. भाऊ हयात असल्याच्या समजाला जे बळ मिळाले, त्यात पार्वतीबाईंच्या या निष्ठेचा वाटा फार मोठा आहे, आणि तिला भाबडेपणा म्हणणे त्या स्त्रीवर अन्याय करणारे ठरेल. तिच्यासमोर मृत्यूचा पुरावा म्हणून जे मांडले गेले, ते सारे ऐकीव होते.

त्या काळी माणूस ओळखत तरी कसा, हा येथील कळीचा प्रश्न आहे. छायाचित्र नव्हते, बोटांचे ठसे घेण्याची पद्धत शासकीय पातळीवर यायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले, आणि मोठ्या सरदाराचा चेहरा जवळून पाहिलेल्यांची संख्याही मर्यादितच असे. ओळखीचा मुख्य आधार म्हणजे ज्यांनी त्या माणसाबरोबर स्वाऱ्या केल्या, पंक्तीला बसले, सदरेवर काम केले, त्यांच्या आठवणी. आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवर घडलेली एक मोहीम घेतली, तर या आठवणींचे काय झाले ते लक्षात येते. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेड येथे, म्हणजे जिजाबाईंच्या माहेरच्या गावी, निजामाकडील रामचंद्र जाधवांना मराठ्यांनी कोंडले, त्यांच्या मदतीस आलेल्या निजामअलीशी लढाई झाली आणि वर्षाच्या अखेरीस जवळच्याच साखरखेर्डा येथे तह होऊन पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांना मिळाला. सिंदखेडच्या मोहिमेचे नाममात्र प्रमुखपद पंधरा वर्षांच्या विश्वासरावांकडे होते आणि प्रत्यक्ष झुंज दत्ताजी शिंद्यांनी दिली. यानंतर सुमारे दोन वर्षांनीच दत्ताजी यमुनाकाठी बुराडी घाटावर पडले, पुढच्या वर्षी विश्वासराव पानिपतावर गेले, आणि त्याच रणात जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, समशेर बहाद्दर, अंताजी माणकेश्वर यांच्यासारखी भाऊंच्या नित्य सहवासातली माणसे मारली गेली किंवा रणातून निसटल्यावर मेली. जी पिढी भाऊंना अंधारातही आवाजावरून ओळखू शकली असती, ती बव्हंशी भाऊंबरोबरच नाहीशी झाली. तोतयाला वाव मिळाला तो या पोकळीमुळे.

पानिपतानंतर काही वर्षांतच उत्तरेत, बुंदेलखंडाच्या बाजूस, भाऊसाहेब म्हणवणारा एक पुरुष प्रकट झाला. त्याचे रूप भाऊंशी मिळतेजुळते होते, एवढे त्याच्या विरोधकांनीही मान्य केलेले दिसते. त्याला पकडून १७६५ च्या सुमारास पुण्यात आणले गेले, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो भाऊसाहेब नसल्याचे ठरले आणि कनोजा ब्राह्मण सुखलाल हे त्याचे खरे नाव असल्याचे जाहीर झाले. मग त्याला निरनिराळ्या किल्ल्यांवर ठेवण्यात आले आणि अखेर त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली. त्या चौकशीची गुणवत्ता ठरवायची तर उपलब्ध साधने पाहावी लागतात. सदाशिवराव हे केवळ तलवारबहाद्दर नव्हते. रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हाताखाली ते हिशेब आणि कारभार शिकले होते, दप्तरातील खाचाखोचा त्यांना ठाऊक होत्या, त्यांच्या हातची मोडी पत्रे पुण्यात होती. पुण्यात वाढलेल्या चित्पावनाची बोली, घरगुती नात्यांची माहिती, जुन्या वाटाघाटींचा तपशील आणि हस्ताक्षर यांच्या कसोटीवर उत्तरेकडील परका माणूस फार वेळ टिकणे कठीण होते. तेव्हा तो भाऊ नसल्याचा निष्कर्ष घाईचा किंवा केवळ सोयीचा म्हणता येणार नाही. ‘सुखलाल’ या नावाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ते एका बंदिवानाविषयी त्याच्या बंदिपालांनी जाहीर केलेले नाव आहे आणि ते अचूक असण्याची सरकारला फारशी निकड नव्हती. भाऊ नव्हे एवढे ठरले की सरकारचे काम भागत होते. त्याच्या जागी कोणते नाव बसते यावर राज्याचे काही अवलंबून नव्हते.

तरीही त्याला त्याच वेळी मृत्युदंड का दिला नाही, याची कारणे शोधण्यासारखी आहेत. ब्राह्मणाला देहांत शासन देणे पेशवाईत शक्यतो टाळले जाई, आणि दरबाराच्याच म्हणण्यानुसार तो ब्राह्मण होता. दुसरे कारण घरचे असावे: पार्वतीबाई हयात असताना, त्यांचा पती म्हणवणाऱ्याला मारून टाकणे म्हणजे घरातील जखमेवर मीठ चोळणे होते. तिसरे कारण राजकीय आहे. मारलेल्या तोतयाच्या जागी नवा तोतया उभा राहू शकतो, पण जिवंत कैदी दाखवता येतो, पुन्हा तपासता येतो आणि त्याच्याकडून कबुली घेता येते. माधवरावांसारखा करडा आणि न्यायी शासक गादीवर असेपर्यंत हा हिशेब बरोबर ठरला.

या प्रकरणाशी ज्याची तुलना सहज सुचते, तो फ्रान्सचा ‘लोखंडी मुखवट्याचा कैदी’ नेमका याच्या उलट्या रीतीने गूढ झाला. जुलै १६६९ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री लुव्हुआ याने पिन्यरोल किल्ल्याचा बंदिपाल सँ-मार याला पत्र लिहून युस्ताश दोजे नावाचा कैदी येत असल्याचे आणि त्याला आपल्या गरजांपलीकडे काहीही बोलू न देण्याचे कळवले. तो कैदी बंदिपालाबरोबरच एका किल्ल्यातून दुसऱ्यात हलत राहिला, १६९८ मध्ये पॅरिसच्या बास्तील तुरुंगात आला आणि १९ नोव्हेंबर १७०३ रोजी मरण पावला. त्याचा मुखवटा काळ्या मखमलीचा होता. तो लोखंडाचा झाला व्होल्तेरच्या लेखणीमुळे. पिन्यरोलच्या कैद्याचा चेहरा राज्याने सर्वांपासून लपवला, म्हणून लोकांनी त्याच्या जागी राजाचा भाऊ कल्पिला. रत्नागिरीच्या कैद्याचा चेहरा लोकांना पाहता येत होता आणि तरीही लोकांनी त्यात पेशव्याचा चुलतभाऊ पाहिला. दोन्हीकडे कल्पनेची धाव राजघराण्यातील माणसाकडेच गेली, यावरून एवढे दिसते की कैदी कोण आहे या प्रश्नामागे गादीवर खरा हक्क कोणाचा हा प्रश्न दडलेला असतो.

गादीचा प्रश्न १७७६ इतका उघडावाघडा मराठी राज्यात क्वचितच पडला असेल. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले, पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, खुनाचा डाग माथी घेऊन त्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने सखाराम बापू, नाना फडणीस आदींचे बारभाईंचे मंडळ कारभार करू लागले. इंग्रजांनी साष्टी घेतली होती आणि १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने लढाई तात्पुरती थांबली असली तरी मुंबईकर इंग्रजांची मर्जी राघोबांकडेच होती. रयतेपुढे आणि लहानमोठ्या सरदारांपुढे दोनच पर्याय होते: एका बाजूस पुतण्याच्या खुनाचा आरोप असलेला चुलता, दुसऱ्या बाजूस दोन वर्षांचे मूल, ज्याच्या जन्माविषयी राघोबांच्या पक्षाने शंका पसरवल्या होत्या. अशा वेळी सेहेचाळीस वर्षांचे, उदगीरच्या विजयाचे धनी, चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवराव भाऊ परत आले तर दोन्ही पेच एकदम सुटत होते. रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने याच वर्षाच्या आरंभी आपल्या ताब्यातील कैद्याला मुक्त केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा जयजयकार केला. परांजप्यांना ते खरेच पटले होते की बारभाईंवरचा रोष त्यांनी या मार्गाने काढला, याची चर्चा बरीच झाली आहे. परंतु एका सुभेदाराच्या मनाने कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले वश होत नाहीत. हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली, समकालीन अंदाजानुसार हा आकडा वीस हजारांच्या घरात गेला, आणि घाटमाथ्यावरील राजमाचीपर्यंत त्याची सत्ता पोचली. ज्यांनी भाऊंना कधी पाहिलेच नव्हते असे हे बहुसंख्य लोक होते आणि त्यांची फसवणूक झाली एवढे म्हणून त्यांना निकालात काढणे पुरेसे नाही. पानिपतावर ज्यांच्या घरचा कोणी गेला नाही असे घर विरळाच होते, आणि भाऊ परतू शकतात तर आपलाही माणूस परतेल, ही आशा त्या गर्दीत होती असे मानणे वावगे ठरणार नाही.

बंडाचा शेवट ज्यांनी केला, ती माणसे पानिपताचीच होती, हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. महादजी शिंदे त्या रणातून जायबंदी पाय घेऊन जन्मभरासाठी लंगडत परतले होते. नानाची आई त्या धुमाळीत नाहीशी झाली होती. महादजी आणि तोफखान्याचे भिवराव पानसे यांनी घाटाखाली उतरून तोतयाची फौज मोडली. तो समुद्रमार्गे मुंबईकडे निसटू पाहत होता, पण अखेर कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुन्हा चौकशीसाठी पुण्यास रवाना झाला. नाना आणि महादजी या दोघांनी भाऊंना जवळून पाहिले होते, त्यांच्या हाताखाली वावरले होते, आणि त्यांचा अंत डोळ्यांदेखत न घडल्याची टोचणीही त्यांना असणार. समोरचा माणूस भाऊ असता तर त्यांनी सत्तेपायी जाणूनबुजून आपल्या धन्याला मारले, असे म्हणावे लागेल. तसे मानायला स्वभावाचा किंवा पुराव्याचा आधार नाही. मात्र त्याच वेळी हेही खरे की आता चौकशी करणारे निःपक्षपाती उरले नव्हते, कारण तो भाऊ ठरला असता तर बारभाईंचे राज्यच संपले असते. १७६५ ची चौकशी आणि १७७६ ची चौकशी यांत हा फरक आहे, आणि म्हणून पहिल्या चौकशीचा निष्कर्ष अधिक वजनाचा मानावा लागतो. डिसेंबरात त्याला पुण्यात ठार मारण्यात आले. मृत्यूच्या पद्धतीविषयी वेगवेगळ्या हकिकती आहेत, परंतु ब्राह्मण म्हणून अकरा वर्षे जीवदान मिळालेल्या माणसाचे ब्राह्मण्य या वेळी आड आले नाही.

या प्रकरणाचा विचार करताना बंगालमधील भवालच्या संन्याशाचा खटला आठवतो. भवाल इस्टेटीचे मधले कुमार रमेंद्रनारायण राय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचे सांगण्यात आले, सुमारे बारा वर्षांनी ढाक्यात आलेल्या एका संन्याशाने आपण तेच असल्याचे म्हटले, आणि शरीरावरील खुणा, वळणे, व्रण यांचा शेकडो साक्षीदारांच्या तोंडून खल होऊन १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तो कायम केला. तेथे न्यायालयाने स्वीकारलेल्या माणसाला पत्नी बिभावतीने अखेरपर्यंत नाकारले. पुण्यात पत्नीने मृत्यू नाकारला आणि सरकारने माणूस नाकारला. भवालचा निवाडा होऊ शकला, कारण तेथे दोन्ही बाजूंचे वकील होते, उलटतपासणी होती आणि निकाल देणाऱ्याचे स्वतःचे आसन त्या निकालावर अवलंबून नव्हते. पुण्याच्या कैद्याला यांपैकी काहीच लाभले नाही.

एकोणिसाव्या शतकातही मराठी सत्तेच्या हरवलेल्या माणसांनी अशाच सावल्या मागे ठेवल्या आणि त्यांतील एक वऱ्हाडावर पडली. नागपूरचे आप्पासाहेब भोसले यांना १८१८ मध्ये पदच्युत करून प्रयागकडे नेत असताना ते इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरांत आणि मग उत्तरेत भटकत राहिले आणि १८४० मध्ये जोधपूरला त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी वऱ्हाडातील जळगाव तालुक्यातील जामोदच्या तटावर मोगलराव नावाच्या माणसाने भोसल्यांचे निशाण लावले आणि ते गाव हल्ला करून घ्यावे लागले. तर १८४९ मध्ये स्वतःला आप्पासाहेब म्हणवणाऱ्या एकाने वऱ्हाडात माणसे जमवून बंड उभारले, जे हैदराबाद कंटिंजेंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेने मोडले. खरे आप्पासाहेब नऊ वर्षांपूर्वी वारले होते, पण वऱ्हाडातील देशमुख आणि रयत निजामाच्या ढिल्या आणि पिळवणुकीच्या कारभाराला कंटाळली होती, आणि अशा वेळी जुन्या धन्याचे नाव घेऊन येणाऱ्याचे कागद कोणी तपासत बसत नाही. पुढे १८७४ मध्ये ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी नानासाहेब पेशवे म्हणून एका माणसाला पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्याला कानपूरला नेऊन नानासाहेबांना पूर्वी पाहिलेल्यांच्या समोर उभे केले गेले, तेव्हा ओळख पटली नाही आणि सरकारला त्याच्यात रस उरला नाही. रत्नागिरी, वऱ्हाड आणि ग्वाल्हेर या तिन्ही प्रसंगांत रीत एकच दिसते. सत्तेने विचारलेला प्रश्न ‘तो हाच का’ एवढाच असतो, त्याचे उत्तर मिळताच तपास थांबतो, आणि त्या माणसाचे गाव, आईबाप, पूर्वीचे आयुष्य, त्याला हे नाव घेण्याची बुद्धी कोणी दिली, हे सारे नोंदीबाहेर राहते.

रत्नागिरीच्या बंदिवानाच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते, कारण सुमारे दहा वर्षे तो सरकारी पहाऱ्यात होता आणि त्याची खरी हकिकत त्याच्याकडून सावकाश ऐकून घेण्यास वेळ भरपूर होता. पेशवे दप्तरात किल्ल्यावरील कैद्यांच्या शिधासामग्रीपासून बेड्यांच्या दुरुस्तीपर्यंत खर्च लिहिण्याची शिस्त होती. त्या शिस्तीत कैद्याच्या मनातली गोष्ट लिहिण्याचा रकाना नव्हता. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले आणि विसाव्या शतकातील मराठी प्रेक्षकाच्या मनात त्याची आकृती घट्ट बसली, पण नाटकाला हवे असते ते कपट आणि कारस्थान, आणि एखादा कनोजा ब्राह्मण प्रथम कोणाच्या तोंडून ‘तुम्ही भाऊसाहेबांसारखे दिसता’ असे ऐकतो, त्या क्षणी ते हसण्यावारी नेतो की गंभीरपणे घेतो, दहा वर्षांच्या कैदेत तो स्वतःला कोणत्या नावाने हाक मारतो, हे शोधण्याचे काम इतिहासाचेच राहते. मोडी दप्तरांत बुंदेलखंड, नरवर, झाशी या भागांतील मराठी अंमलदारांची पत्रे विपुल आहेत आणि त्या माणसाचा माग काढायचा तर तो पुण्याऐवजी तेथून, तो भाऊ होण्यापूर्वीच्या वर्षांतून, काढावा लागेल.

दरबारापुरता हा प्रश्न १७७६ च्या डिसेंबरात मिटला. पार्वतीबाई त्यानंतर आणखी सुमारे सात वर्षे जगल्या आणि १७८३ मध्ये वारल्या. त्या अवधीत सवाई माधवराव वाढत होते, वडगावला इंग्रजांचा पराभव झाला होता, सालबाईचा तह झाला होता आणि नाना फडणीसांचा कारभार स्थिरावला होता. पण पुण्यात एका माणसाला भाऊ नसल्याबद्दल मारले गेले, त्यामुळे खरा भाऊ मेल्याचे सिद्ध झाले असे पार्वतीबाईंनी मानले नाही, आणि तर्काच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे हे म्हणणे बिनचूक होते.